गिअरबॉक्सचे तेल : एका पुस्तकात पाच, दुसऱ्यात सहा, मग टाकायचे किती?

तिरोडा : लिलावात निघालेले जुने लष्करी ट्रक आणि जीप आजही ग्रामीण भागात लाकूड, पाणी, धान वाहताना दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या गोंदियाहून रेल्वेने जोडलेल्या जबलपूरच्या. तिथल्या वाहन कारखान्यात जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक आणि निस्सानच्या परवान्यावर जोंगा बनायची. त्याआधीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन, ब्रिटिश व कॅनेडियन गाड्याही देशात भरपूर आल्या होत्या.

आता या गाड्यांची पुस्तके मोबाईलवर मिळतात. पण दोन पुस्तके उघडली की गिअरबॉक्सच्या तेलाचे दोन आकडे निघतात, आणि मिस्त्री तिसराच सांगतो. बहुतेक वेळा दोन्ही पुस्तके बरोबर असतात, फक्त मोजण्याची रीत वेगळी असते.

फरक कशामुळे पडतो?

पहिले कारण माप. अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा. कॅनडाही तेव्हा ब्रिटिश मापच वापरायचा. पुस्तकात ६ क्वार्ट लिहिले असेल तर अमेरिकन हिशोबाने ते सुमारे ५.७ लिटर, ब्रिटिश हिशोबाने ६.८ लिटर. सरळ एक लिटरचा फरक! म्हणून आकडा वाचण्याआधी पुस्तक कुठल्या देशाचे ते पाहावे.

दुसरे कारण म्हणजे कोरडा डबा आणि तेल बदलणे यातला फरक. गिअरबॉक्स पूर्ण खोलून, पुसून बसवला तर जास्त तेल लागते. नुसते खालचे बूच काढून तेल सोडले तर थोडे आतच राहते, म्हणून नवीन कमी बसते.

तिसरे कारण जोडसामान. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. काही पुस्तके दोघांचे तेल एकत्र धरतात, काही वेगळे. विंचसाठी पीटीओ बसवलेला असेल तर तेल आणखी वाढते. त्यातून जुन्या गाडीचा गिअरबॉक्स कुणीतरी आधीच बदललेला असू शकतो. मग त्या पुस्तकाचा उपयोगच राहत नाही.

खरा आकडा गाडीच सांगते

गिअरबॉक्सच्या बाजूला तेल भरण्याचे बूच असते. तेच लेव्हलचे बूच. पद्धत अशी :

१. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना ओट लावा.
२. आधी वरचे भरण्याचे बूच सुटते का ते पाहा. ते जाम असेल आणि खालचे आधी काढले, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने जागेवरच अडकते.
३. जुने तेल कोमट असताना सोडा आणि मापाच्या डब्यात मोजा.
४. खालचे बूच लावून नवीन तेल हळूहळू भरा. भोकाच्या खालच्या काठाला तेल टेकले की थांबा. काही अमेरिकन लष्करी पुस्तकांत थंड तेल काठाच्या थोडे खाली ठेवायला सांगितले आहे. तशी सूचना असेल तर ती पाळा.
५. गाडी थोडी फिरवून पुन्हा लेव्हल पाहा.
६. किती लिटर बसले ते तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वेळी तीच तुमची खात्रीची नोंद.

ट्रान्सफर केसची लेव्हल तिच्या वेगळ्या बुचातून पाहावी. जुन्या जीपमध्ये तेल एकातून दुसऱ्यात झिरपते, त्यामुळे दोन्ही बुचे तपासावी लागतात.

कमी-जास्त झाले तर?

तेल कमी पडले की बेअरिंग आणि गिअर तापून खातात. जास्त झाले की फेस येतो, सील फुटते आणि तेल क्लचप्लेटवर जाते. तेल दुधासारखे पांढरे निघाले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. असे तेल लेव्हलला असले तरी बदलावेच लागते.

ट्रॅक्टरवाल्यांनीही चिखलणी आटोपल्यावर हे पाहावे. अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, त्यामुळे तिथे डिपस्टिकची खूणच खरी धरावी. पाच मिनिटांची ही तपासणी रोवणीच्या हंगामात गाडी बंद पडण्यापासून वाचवते.