वितरित आवृत्ति-नियंत्रण पद्धती : एक तौलनिक विचार

अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या आणि वारंवार बदलणाऱ्या मजकुराचा इतिहास कसा राखावा, हा प्रश्न संगणकशास्त्राने प्रथम निर्माण केलेला नाही. १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडितांना निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या व कोणती पोथी कोणत्या परंपरेतून उतरली याचे अनुमान करावे लागले. कारण आपण कोणती पोथी समोर ठेवली आणि तीत कोठे फेरफार केला, याची नोंद नक्कल करणारा लेखक सहसा ठेवीत नसे. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांवर असा प्रसंग येऊ नये, प्रत्येक प्रतीची वंशावळ प्रत तयार होतानाच नोंदली जावी, यासाठी जी साधने निर्माण झाली त्यांना आवृत्ति-नियंत्रण पद्धती असे म्हणतात. त्यांपैकी ‘वितरित’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा तुलना बहुधा वेगाच्या आणि आज्ञांच्या कोष्टकांत संपतात. परंतु या पद्धतींमधील खरा भेद आज्ञांचा नसून ‘इतिहास म्हणजे काय’ याविषयीच्या कल्पनेचा आहे, असे आमचे मत आहे. प्रत्यक्ष निवड मात्र पुष्कळदा या भेदावर झालेली नाही, तर वेगळ्याच कारणांनी झाली आहे. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्यावाचून आपल्या कामाचा पुरावा नीट राखणे संशोधकास कठीण जाईल.

१. केंद्राकडून वितरणाकडे

बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये रचलेली ‘एससीसीएस’ आणि पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये रचलेली ‘आरसीएस’ या आरंभीच्या पद्धती एकाच यंत्रावरील सुट्या फायलींचा इतिहास ठेवीत. पुढे ‘सीव्हीएस’ आणि २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झालेली ‘सबव्हर्जन’ यांनी संपूर्ण प्रकल्पाचा इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवण्याची प्रथा रूढ केली. या व्यवस्थेत काम करणाऱ्याच्या हाती केवळ चालू प्रत असते. नोंद करावयाची, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘कमिट’ म्हणतात ते करावयाचे, तर सर्व्हरशी संपर्क हवा आणि तेथे लिहिण्याचा अधिकारही हवा. ज्यास तो अधिकार नाही, त्याला आपल्या प्रयोगाचा इतिहास या साधनाने राखता येत नाही.

वितरित पद्धतीत प्रत्येकाजवळ संपूर्ण भांडार, म्हणजे रिपॉझिटरी, असते. त्यामुळे नोंद करण्यास ना संपर्क लागतो ना अनुज्ञा. परंतु या एका बदलातून एक अडचण उद्भवते. दोन व्यक्ती परस्परांच्या नकळत एकाच वेळी नोंदी करीत असतील, तर त्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक कोणी द्यावयाचे? यावर शोधलेला उपाय असा की, नोंदीची ओळख क्रमांकाने न ठरविता तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या हॅशने ठरवावी. ग्रेडन होअर यांच्या ‘मोनोटोन’ या पद्धतीने २००३ पासून हा मार्ग अनुसरला होता. प्रत्येक नोंद आपल्या पूर्वज नोंदीचा हॅश आपल्या पोटात बाळगते; त्यामुळे इतिहास सरळ रेषेसारखा न राहता फाटे फुटणाऱ्या व पुन्हा जुळणाऱ्या वंशवृक्षासारखा होतो.

या कल्पनेला व्यापक स्वरूप आले ते २००५ साली. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ या व्यापारी पद्धतीवर चालत असे. एप्रिल २००५ मध्ये तिचा निःशुल्क वापर बंद झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला ‘गिट’च्या रचनेस आरंभ केला, त्याच निमित्ताने ओलिव्हिया मॅकॉल यांनी १९ एप्रिलला ‘मर्क्युरियल’ जाहीर केली. एकाच गरजेतून, एकाच महिन्यात निपजलेल्या या दोन पद्धती अंतरंगाने किती भिन्न आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. इतिहासाच्या तीन कल्पना

गिटच्या दृष्टीने इतिहास म्हणजे अवस्थांची मालिका होय. प्रत्येक नोंद संपूर्ण प्रकल्पाची त्या क्षणीची अवस्था दर्शविते. जागा वाचविण्यासाठी फायली पुढे फरकांच्या रूपात आवळून ठेवल्या जातात, पण ती केवळ साठवणुकीची सोय आहे. शाखा, म्हणजे ब्रँच, ही येथे एखाद्या नोंदीकडे बोट दाखविणारी खूण असून ती केव्हाही हलविता येते. यामुळे लेखकाला आपल्या नोंदींची पुनर्रचना करता येते : चार अर्धवट नोंदींची एक नोंद करावी, क्रम बदलावा, मग प्रसिद्ध करावे. येथे ‘पुनर्लेखन’ हा शब्द जपून वापरावयास हवा. जुनी नोंद बदलत नाही; तिच्या जागी नव्या हॅशची नवी नोंद निर्माण होते आणि जुनीकडे निर्देश करणारे कोणी उरले नाही, तर ती काही काळाने नष्ट केली जाते. थोडक्यात, गिटमधील इतिहास म्हणजे लेखकाने संपादित केलेले निवेदन होय.

मर्क्युरियलची वृत्ती दप्तर राखणाऱ्या कारकुनाची आहे. प्रत्येक फाइलीसाठी एक नोंदवही असते आणि तीत मजकुराची केवळ भर पडते. नामांकित शाखेचे नाव नोंदीतच कायमचे कोरले जाते. सबब एखादी नोंद कोणत्या शाखेवर झाली हे दहा वर्षांनीही सांगता येते. गिटमध्ये खूण काढून टाकली की हे ज्ञान बहुधा लुप्त होते. मर्क्युरियलमध्ये इतिहासाची पुनर्रचना अशक्य नाही. परंतु २०१२ मध्ये तीत ‘टप्प्यां’ची कल्पना आली व प्रसिद्ध झालेल्या आणि कच्च्या नोंदींमध्ये भेद करण्यात आला. कच्च्या नोंदी बदलाव्यात, प्रसिद्ध नोंदींना हात लावू नये, हा नियम येथे साधनच पाळावयास लावते. गिटमध्ये तो प्रायः शिस्तीचा विषय राहतो. रिचर्ड हिप यांची ‘फॉसिल’ ही पद्धत याहून कर्मठ असून तिने अशी पुनर्रचना तत्त्वतःच नाकारली आहे.

तिसरी कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड राउंडी यांच्या ‘डार्क्स’ या पद्धतीची. तिच्या मते इतिहास म्हणजे अवस्थांची मालिका नव्हे, तर फेरफारांचा संच होय. समजा, अ, ब आणि क असे तीन फेरफार क्रमाने झाले. क चा ब शी काही संबंध नाही, आणि आपणास ब वगळून क हवा आहे. गिटमध्ये क चा मजकूर उचलून घेता येतो, पण जी नोंद तयार होते तिचा पूर्वज निराळा असल्यामुळे तिची ओळखही निराळी होते. पुढे दोन शाखा एकत्र करताना हे दोन क मुळात एकच आहेत, हे पद्धतीला माहीत नसते. डार्क्समध्ये स्वतंत्र फेरफारांचा क्रम बदलता येतो आणि क हा क च राहतो. तत्त्वतः ही कल्पना सर्वांत मोहक आहे. परंतु परस्परविरोधी फेरफारांची विशिष्ट गुंतागुंत झाली असता एकत्रीकरणास लागणारा वेळ घातांकी वेगाने वाढे. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा दोष कमी केला, तरी तो निःशेष झाला नाही. हॅस्केल भाषेचा ‘जीएचसी’ हा कंपायलर डार्क्सवर राखला जात असे; तोही २०११ मध्ये गिटकडे वळला. पुढे ‘पिहूल’ या पद्धतीने फेरफारांच्या सिद्धान्ताची अधिक दृढ पायावर मांडणी केली आहे. संशोधनास येथे अद्याप पुष्कळ वाव आहे.

३. एक कसोटी : फाइलीचे नामांतर

या कल्पनांचा व्यवहारात काय परिणाम होतो, हे एका साध्या कसोटीने पाहता येईल. एखाद्या फाइलीचे नाव बदलले आणि त्याच वेळी तिचा निम्म्याहून अधिक मजकूरही बदलला, असे समजा. गिट नामांतराची नोंद मुळीच ठेवीत नाही. मागाहून विचारले असता दोन फायलींतील साम्य मोजून ती अनुमान करते, आणि साम्य निम्म्याहून कमी भरले तर सामान्यतः जुनी फाइल नाहीशी झाली व नवी निर्माण झाली असे मानते. मर्क्युरियलला नामांतर सांगितले की ती त्याची नोंद ठेवते. कॅनॉनिकल या संस्थेने पुरस्कारिलेल्या ‘बझार’मध्ये तर प्रत्येक फाइलीला जन्मतःच एक कायमची ओळख मिळत असे, नाव आणि मजकूर दोन्ही पालटले तरी ती ओळख टिके. पोथ्यांच्या भाषेत सांगावयाचे, तर बझार व मर्क्युरियल पुष्पिकेवर विसंबतात, गिट पाठ ताडून निष्कर्ष काढते. पहिल्या मार्गात माणूस नोंद करण्यास विसरला तर दुवा तुटतो. दुसऱ्यात माणसाच्या विसराळूपणाने काही बिघडत नाही, पण अनुमान चुकू शकते.

४. एकाच प्रकल्पाचे दोन निर्णय

आता निवड कशी होते ते पाहू. पायथन भाषेच्या प्रकल्पाने सबव्हर्जन सोडण्याचे ठरविल्यावर बझार, गिट व मर्क्युरियल या तिन्ही पद्धतींची नित्याच्या कामांच्या आधारे तुलना करून ती प्रसिद्ध केली. मार्च २००९ मध्ये मर्क्युरियलची निवड झाली. विंडोजवरील गिटची तत्कालीन स्थिती आणि तिच्याविषयी काही सहकाऱ्यांची नापसंती यांमुळे गिट मागे पडली. बझारच्या तुलनेत मर्क्युरियल वेगवान ठरली. स्थलांतर २०११ मध्ये पुरे झाले. परंतु फेब्रुवारी २०१७ मध्ये हाच प्रकल्प गिटवर आला. मर्क्युरियलमध्ये काही मोठा दोष आढळला म्हणून हे घडले नाही. नव्या सहभागी व्यक्तींना गिटहब ही सेवा परिचित होती आणि त्यांनी सुचविलेले बदल तपासण्याची सोय तेथे होती, हे प्रमुख कारण होते.

हाच प्रवाह अन्यत्र दिसतो. ईमॅक्स २०१४ मध्ये बझारकडून, ओपनजेडीके २०२० मध्ये मर्क्युरियलकडून गिटकडे आले. फायरफॉक्सचे कामही २०२५ मध्ये गिटवर गेले. आरंभी केवळ मर्क्युरियलसाठी असलेल्या बिटबकेट या सेवेने २०२० मध्ये मर्क्युरियलची सोयच बंद केली. साधनाचे गुण आणि त्याचा प्रसार यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचा हा बोलका पुरावा आहे.

५. वितरणाची मर्यादा आणि संशोधकाचे कर्तव्य

यातून एक विसंगती उघड होते. नोंदींचा इतिहास प्रत्येकाच्या यंत्रावर वितरित झाला. पण त्या नोंदींमागील चर्चा, दोषांच्या तक्रारी व त्यांचे निर्णय मात्र एखाद्या सेवेच्या सर्व्हरवर एकवटले. सेवा बंद पडली तर नोंदी वाचतील, पण त्या का केल्या हे सांगणारा मजकूर वाचेलच असे नाही. फॉसिलने तक्रारी व टिपणे भांडारातच ठेवून या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि २००९ पासून एसक्यूलाइटचे काम त्यावर चालू आहे. तथापि हा मार्ग फार थोड्यांनी पत्करला.

प्रबंधासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा विषय केवळ सोयीचा नाही. प्रबंधातील एखादा आलेख कोणत्या आज्ञावलीने निघाला, असा प्रश्न परीक्षकाने दोन वर्षांनी विचारला तर उत्तर देता आले पाहिजे. प्रबंधात नोंदीचा हॅश उद्धृत केला आणि मागाहून इतिहासाची पुनर्रचना केली, तर तो हॅश भांडारातील कशाकडेही निर्देश करीत नाही. पाद-टीप शिल्लक, पण ग्रंथ नाहीसा, अशी ती अवस्था होय. हॅशवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. गिट ज्यावर उभी आहे त्या ‘शा-१’ या हॅशच्या बाबतीत दोन भिन्न फायलींचा एकच हॅश निघू शकतो, हे २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी प्रत्यक्ष करून दाखविले. गिटने त्याच वर्षी असा कृत्रिम मजकूर ओळखणारी तपासणी अंगीकारली आणि २०२० पासून ‘शा-२५६’चा पर्यायही दिला.

सहकारी व सोयी यांचा विचार करता आज बहुतेक विद्यार्थी गिटच स्वीकारतील आणि त्यांनी तसे करण्यात काही गैर नाही. परंतु अन्य पद्धतींनी जे साधनात बांधून दिले आहे, ते गिट वापरणाऱ्याला स्वतःच्या शिस्तीने सांभाळावे लागते. मर्क्युरियलकडून त्याने हे घ्यावे की, प्रसिद्ध केलेल्या नोंदीस पुन्हा हात लावू नये आणि प्रबंधात उद्धृत केलेल्या नोंदीवर कायमची खूण ठेवावी. बझारकडून हे की, नामांतराची नोंद स्वतंत्र करावी, तीत मजकुराचा बदल मिसळू नये. डार्क्सकडून हे की, एका नोंदीत एकच स्वतंत्र फेरफार असावा. आणि फॉसिलकडून हे की, बदलाचे कारण परक्या सर्व्हरवर न ठेवता नोंदीच्या टिपणातच लिहावे. मागे पडलेल्या पद्धतींच्या अभ्यासाचा उपयोग तो हाच : आपल्या हातातील साधन कोणती जबाबदारी आपल्यावर सोपवून मोकळे झाले आहे, हे त्यांच्यावाचून आपल्या लक्षात आले नसते.