तीन हजाराला बारा कमी

सकाळी ९.३५. कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्या नंबरानं ओळखतात. त्यातल्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वर, हे ऑफिस. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर. ती चप्पल दाराबाहेर काढते, यूपीएसचं बटण दाबते आणि स्क्रीन जागी होईस्तोवर कालचा कप विसळून घेते. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा ट्रेड, मग चौदा वर्षं हेच काम. पगार बावीस हजार. आज कळंब्याच्या एका बंगल्याची मापं टाकायची आहेत. उद्या सकाळी आठला तिथं आखणी. सर काल म्हणाले, प्लॅन तयार आहे, फक्त मापं राहिलीत. तिला हा ‘फक्त’ ठाऊक आहे. ती म्हणते, “मापं पडली नाहीत तोवर ते चित्र आहे हो. भिंतीवर लावा.”

९.५०. ऑटोकॅडमध्ये फाइल उघडली. रेघ मारायच्या आधी ती एक बाहेरची भिंत मोजते. २३० आलं. नऊ इंची वीटकामाची भिंत, बरोबर. इथं नऊच्या आसपास काही आलं असतं तर फाइल इंचात काढलेली, म्हणजे सगळं २५.४ पट करून घ्यायचं. हे आधी बघायचं असतं. शंभर मापं टाकून झाल्यावर बघितलं तर रडायची पाळी.

मग मापाची स्टाइल. कागदावर आकडा अडीच मिलिमीटर उंच दिसला पाहिजे. त्याहून बारीक अक्षर उन्हात, सिमेंट लागलेल्या बोटात धरलेल्या कागदावर वाचता येत नाही. शीट पन्नासाला एक या स्केलचं, म्हणजे फाइलीत ते अक्षर १२५ मिलिमीटरचं. पूर्वी हा गुणाकार ती वहीच्या मागच्या पानावर करायची. आता अ‍ॅनोटेटिव्ह चालू केलं की स्केल बघून अक्षर आपोआप लहानमोठं होतं. टोकाला बाण नको, तिरपी काडी. मापांची लेअर वेगळी. तयारीची वीस मिनिटं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई अजून कामाला लागलीच नाही.

१०.१५. आता हात बघण्यासारखा. डावा कीबोर्डवर, उजवा माउसवर. डी-एल-आय, स्पेस. एक कोपरा, दुसरा कोपरा, रेघ बाहेर ओढली, क्लिक. डी-सी-ओ, स्पेस. आता नुसतं टिपत जायचं, साखळी पुढं पुढं सरकते. समोरच्या बाजूला तीन साखळ्या. भिंतीजवळची खिडक्यांची: १२८०, १५००, २०६५, १२००, ११३०. तिच्या बाहेर खोल्या आणि भिंती: २३०, ३६००, ११५, ३०००, २३०. सगळ्यात बाहेर एकच आकडा: ७१७५. जवळ बारीक, लांब मोठं. उलट केलं तर रेघा रेघांना छेदतात.

मधल्या ११५ चा आकडा रेघांच्या मध्ये मावत नाही, शेजाऱ्यावर चढतो. ती त्याला धरून बाजूला ओढते. साखळ्यांमधलं अंतर कुठं कमी, कुठं जास्त झालं होतं. डिमस्पेस दिलं, सगळ्या एका अंतरावर आल्या. मला हे इस्त्री केल्यासारखं वाटलं. तिला तसं काही वाटत नाही, ती पुढच्या बाजूला गेलीय.

११.०५. शेजारच्या मशीनवर एक पोरगा आहे. शिकाऊ, महिना सहा हजार. आतली मापं त्याच्याकडं. ती खुर्ची न सोडता मान वळवून त्याच्या स्क्रीनकडं बघते.

“बेडरूम किती आली?”

“एकोणतीसशे अठ्ठ्याऐंशी, ताई.”

“प्लॅस्टर पकडलंयस.”

तो झूम करतो. खरंच. भिंतीच्या रेघेला लागून गिलाव्याची बारीक रेघ आहे, बारा मिलिमीटरवर. माप एका टोकाला विटेवरून निघालं आणि दुसऱ्या टोकाला गिलाव्यावर थांबलं. तीन हजाराला बारा कमी. दोन्ही टोकांना गिलावा धरला असता तर २९७६ आलं असतं. तिला हे आकडे तोंडपाठ झालेत. नुसता आकडा ऐकून कुठं चुकलं ते सांगते.

“गवंडी वीट लावतो का गिलावा?”

“वीट.”

“मग विटेपास्नं विटेपर्यंत. आणि तो निअरेस्ट बंद कर आधी.”

निअरेस्ट चालू असला की माउस जवळच्या कुठल्याही रेघेला चिकटतो, मधेच कुठंतरी. एंडपॉइंट आणि इंटरसेक्शन, एवढे दोन चालू ठेवले की कोपराच सापडतो. पोरगा सगळी आतली मापं पुसतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. चहा आला. कप दहा रुपये, ऑफिसच्या खात्यावर.

१२.१०. फोन. मिस्त्री कळंब्याहून बोलतोय. मागच्या आठवड्यात दिलेल्या कच्च्या कागदाचा फोटो त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय.

“ताई, ह्ये तीन हजार म्हंजे किती धरू?”

“नऊ फूट दहा इंच एक सूत.”

“आन हॉल?”

“अकरा नऊ, सहा सूत.”

कागद मिलिमीटरचा, तोंड फुटाइंचाचं. आठ सुतांचा इंच. मिस्त्रीच्या टेपवर दोन्ही बाजू असतात, पण पाच-पन्नास वर्षांची सवय एका रात्रीत टेप उलटी धरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, पर्यायी एकक चालू केलं की प्रत्येक मापाशेजारी चौकटी कंसात फूट-इंच येतं. तिनं एकदा करून बघितलं. शीटवर मुंग्या झाल्यागत दिसायला लागलं. आता ती एकच शीट फुटात काढते, वीटकामाचं. सळईवाल्याला आणि सेंट्रिंगवाल्याला मिलिमीटरच. एक कागद जास्त लागतो. तिच्या मते तेवढा लागू द्यावा.

१.३०. डबा. भाकरी, मेथी, खर्डा. जेवताना तिनं एक गोष्ट सांगितली. पहिल्या नोकरीतली, त्या ऑफिसचं नाव तिनं घेतलं नाही. संडासाच्या खिडकीचं माप ११८७ आलं होतं. दिसायला वाईट. तिथल्या साहेबांनी सांगितलं, बाराशे लिही. तिनं मापावर डबल क्लिक करून हातानं १२०० टाइप केलं. रेघ होती तिथंच राहिली. पुढं खिडकी सरकली, बाकीची मापं आपोआप बदलली, कारण ती भिंतीला जोडलेली होती. हातानं लिहिलेलं बदललं नाही. कागदावर १२०० तसंच. लिंटेल पडलं, खिडकी आली, बसेना. फोडायचे, परत भरायचे अडतीसशे रुपये झाले. तेव्हा तिचा पगार सात हजार. निम्मे तिच्याकडून कापले.

“आणि साहेबांचे?”

ती हसली. डबा बंद केला.

२.४५. जिना. मजल्यापासून मजल्यापर्यंत ३०००, पायऱ्यांचे चढ अठरा. भागाकार १६६.६६ आणि पुढं सहाच सहा. सॉफ्टवेअरला दशांश नको म्हटलं की ते १६७ दाखवतं. मिस्त्री १६७ धरून अठरा वेळा चढला तर ३००६ वर पोचतो. सहा मिलिमीटरनं कोण मरत नाही, पण शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी होते आणि पाय ते ओळखतो. म्हणून ती एकेक चढ मापत नाही. पूर्ण उंचीचं एकच माप टाकते आणि त्याच्या मजकुरात लिहिते: १८ चढ =, पुढं कोनातले दोन कंस, मधे काही नाही. त्या कंसांच्या जागी सॉफ्टवेअर स्वतः मोजलेला आकडा भरतं. शब्द आपले, आकडा खरा. उद्या उंची बदलली तर आकडाही बदलेल. पहिल्या नोकरीत हे कंस तिला कुणी सांगितले नव्हते.

४.००. लाइट गेली. यूपीएस वीस मिनिटं टिकतो. तिनं सेव्ह केलं, पोराला करायला लावलं. बारा मिनिटांत लाइट आली.

४.५०. ए-थ्रीवर कच्ची प्रिंट काढून, लाल पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन ती खिडकीपाशी बसते. १२८०, १५००, २०६५, १२००, ११३०. बेरीज ७१७५. टिक. मधली साखळी, ७१७५. टिक. पोरगा विचारतो, मापं कॉम्प्युटरनंच मोजलीत, मग बेरीज कशाला? “टिपलंय कुणी, त्यानं का तू?”

मग ती कागदावर बोट ठेवून मिस्त्रीसारखी चालते. दारातून आत आलो, डावीकडं भिंत कुठवर? आकडा आहे. बाथरूमची भिंत कोपऱ्यापासून किती? नाही. दोन आकडे वजा केले की मिळतो, पण दोरी धरून उभ्या माणसानं वजाबाकी का करावी? लाल गोल. तसे चार गोल निघाले. एक माप दोनदा पडलं होतं, प्लॅनमध्येही आणि सेक्शनमध्येही. सेक्शनमधलं तिनं काढून टाकलं. दोन ठिकाणी लिहिलेलं माप पुढंमागं एकाच ठिकाणी बदललं जातं.

५.४०. सरांचा फोन. बाथरूमचं दार १५० नं सरकवा, घरमालकाचं म्हणणं आहे. पोरगा दार सरकवतो, तिथली मापं नव्यानं टाकतो, पीडीएफ करतो. ती तोवर शीटच्या टीपा बघते. मापे मिलिमीटरमध्ये. ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेले माप धरावे.

६.२५. प्रिंटचं दुकान. ए-टू, तीस रुपये कागद, तीन प्रती. साइटच्या प्रतीला लॅमिनेशन, चाळीस वेगळे. पहिली प्रत प्लॉटरमधून बाहेर येते. ती दुकानदाराला हात करते, थांबा. बाथरूमजवळ आकडेच नाहीत. स्क्रीनवर होते. ती तिथंच उभी राहून पोराला फोन लावते.

“डेफपॉइंट्स लेअरवर टाकलीस काय?”

पलीकडं शांतता. ती लेअर सॉफ्टवेअर स्वतःच बनवतं. तिच्यावरचं सगळं स्क्रीनवर दिसतं, कागदावर उमटत नाही. पोरगा लेअर बदलून नवीन पीडीएफ पाठवतो. नऊ मिनिटं. ती व्हॉट्सअ‍ॅप उघडते, दुकानदाराला फाइल देते, तीन प्रती काढून घेते. या वेळी पहिली प्रत हातात आल्यावर आधी बाथरूम बघते.

७.०५. चार प्रिंटचे एकशेवीस, लॅमिनेशनचे चाळीस. पावतीवर तिनं तीनच प्रिंट लिहून घेतल्या. चौथीचे तीस स्वतःच्या पर्समधून दिले.