रंग उमटला, पण कशामुळे?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढली, की तिचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. नंतर येणाऱ्या रिपोर्टात ‘ई.आर. पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असं लिहिलेलं असतं आणि टॅमॉक्सिफेनसारखी गोळी द्यायची की नाही, हे त्यावर ठरतं.

हे ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारं ग्राही प्रथिन. संप्रेरक चिकटलं की ते डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि काही जनुकं चालू करतं, काही बंद. अशा प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. जनुकांचे मुकादमच म्हणा ना. पेशीत ती फार थोडी असतात आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. म्हणून प्रतिपिंडांची मदत घ्यावी लागते. सशाला किंवा उंदराला ते प्रथिन टोचलं, की त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती गाठीच्या पातळ कापावर सोडायची आणि जिथे चिकटतील तिथे रासायनिक क्रियेने तपकिरी रंग आणायचा.

आता, रंग उमटला म्हणजे प्रतिपिंड कशाला तरी चिकटलं, एवढंच कळतं. हव्या त्याच प्रथिनाला चिकटलं का, हे वेगळं तपासावं लागतं.

१९९६ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाने उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत ई.आर.चं दुसरं भावंड शोधलं. त्याला बीटा म्हणतात आणि जुन्याला अल्फा. मग स्तनाच्या गाठींत बीटा किती, याचा जगभर अभ्यास सुरू झाला, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. २०१७ मध्ये स्वीडनच्याच शास्त्रज्ञांनी बीटासाठीची १३ प्रतिपिंडं तपासली. परीक्षा साधी होती. बीटा असलेल्या आणि नसलेल्या पेशी घ्यायच्या. नसलेल्याही रंगल्या तर प्रतिपिंड नापास. तेरांपैकी एकच पास झालं! त्याने पाहिलं तर बीजांडकोशात, वृषणात बीटा सापडलं. निरोगी स्तनात किंवा स्तनाच्या कर्करोगात मात्र नाही. हा निष्कर्ष सगळ्यांनाच मान्य झाला, असं नाही.

इतकी साधी परीक्षा आधीच का घेतली नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण प्रतिपिंड बाटलीत विकत मिळतं आणि बाटलीवरच्या लेबलावर विश्वास ठेवणं सोपं असतं.

रुग्णांनी यामुळे घाबरून जाऊ नये. रिपोर्टातलं ई.आर. म्हणजे अल्फा. त्याची प्रतिपिंडं रुग्णांना औषधाचा गुण आला की नाही, याच्याशी ताडून पाहिलेली आहेत. शिवाय चांगल्या प्रयोगशाळेत तुमच्या तुकड्यासोबत अल्फा नक्की असलेला आणि नक्की नसलेला, असे आणखी दोन तुकडे रंगवून पाहतात.