कोरडे तोंड आणि चार बाटल्या

मंडळी, "तोंडाला पाणी सुटलं" हे आपण पॉटलकच्या टेबलापाशी किती सहज म्हणतो! ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतच नाही, अशा माणसांसाठी यंदाचा आपला निधी आहे. तो नेमका कशावर खर्च करायचा हे ठरवताना आमच्या समितीत बराच घोळ झाला. पैसे तुमचे आहेत, तेव्हा त्या घोळाचा हिशोबही तुम्हालाच द्यायला हवा, म्हणून हा लेख.

सुरुवात झाली २०२४ च्या गणपतीत. आपल्या मंडळातले एक काका दरवर्षी नाट्यगीत म्हणतात, हे जुन्या सभासदांना माहीत आहेच. घशाच्या कॅन्सरसाठी त्यांना रेडिएशन घ्यावे लागले, त्यालाही आता काही वर्षे झाली. त्या दिवशी दोन ओळी म्हणून झाल्यावर त्यांनी झब्ब्याच्या खिशातून मुठीत मावेल एवढी बाटली काढली, तोंडात दोनदा फुसफुस केले आणि पुढची ओळ उचलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर महाप्रसादाला मात्र काकांच्या ताटात नुसता वरणभात होता, तोही पातळ. पुरीला हात नाही. आम्ही आग्रह केला तर म्हणाले, "कॅन्सर गेला रे, पण जाताना माझी भाकरी घेऊन गेला."

तिथल्या तिथे आम्ही ठरवून टाकले की या वर्षी अशा फवाऱ्याच्या तीनशे बाटल्या विकत घ्यायच्या आणि मुंबईजवळच्या एका धर्मादाय निवासाला पाठवायच्या. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे गावाकडचे पेशंट उपचार चालू असेपर्यंत तिथे राहतात. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, आणि त्यामागे मुख्यतः तंबाखू आहे: गुटखा, खर्रा, चुन्याबरोबर मळलेली चिमूट. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण ज्यांनी त्याआधी वीस-वीस वर्षे खाल्ला ते लोक आज रांगेत आहेत.

ठराव लिहून होतो न होतो तोच समितीतल्या एका मैत्रिणीने विचारले, "पण हे चालतं का?" आम्ही सहा जण. त्यातल्या चौघांचे पोट सॉफ्टवेअरची टेस्टिंग करण्यावर चालते. आमच्या ऑफिसात कुणी टेस्ट न करता कोड पुढे ढकलला तर आम्ही त्याला फाडून खातो, आणि इथे तीनशे बाटल्या नुसत्या टाळ्यांवर मंजूर! फार लाज वाटली.

मग वाचायला बसलो. मंडळातल्या एका डेंटिस्ट ताईंनी शिकवणी घेतली.

लाळ म्हणजे थुंकी, एवढेच आपल्याला माहीत असते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. त्यात ९९ टक्के पाणीच असते, पण सगळी करामत उरलेल्या एका टक्क्यात आहे. म्युसिन नावाचे प्रथिन लाळेला बुळबुळीत करते, त्यामुळे घास सरकतो आणि जीभ टाळ्याला चिकटत नाही. बायकार्बोनेट आम्लाला मारते. कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची रोजची झीज भरून काढतात. चव लागते तीसुद्धा लाळेत पदार्थ विरघळतो म्हणून. गालगुंड झाल्यावर कानापुढे जी ग्रंथी सुजते ती आणि जबड्याखाली, जिभेखाली असलेल्या, अशा तीन जोड्या मिळून हे काम करतात. स्वस्थ बसलेलो असताना मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर लाळ येते, ती ०.१ च्या खाली गेली की डॉक्टर त्याला लाळ कमी होणे म्हणतात. हे मोजायचे कसे? अगदी साधे. वजन केलेल्या कपात पाच मिनिटे मान खाली घालून लाळ गळू द्यायची आणि कप पुन्हा तोलायचा. गंमत म्हणजे लाळ कमी असणे आणि तोंड कोरडे वाटणे या दोन गोष्टी दर वेळी जोडीने येतातच असे नाही. कुणाचा कप भरतो तरी घशाला कोरड असते, आणि कुणाचे उलट.

रेडिएशनने या ग्रंथींचे नुकसान होते, तेही पहिल्या आठवड्यापासून. कॅन्सरच्या गाठीला सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे एवढा डोस लागतो. कानापुढची ग्रंथी किती सोसू शकते, याचे महत्त्वाचे काम आपल्या शेजारीच, ॲन आर्बरला युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये झालेले आहे. फुटबॉलच्या दिवशी ट्रॅफिकला शिव्या घालत आपण ज्या गावातून जातो तेच हे! १९९९ साली तिथल्या डॉक्टरांनी ८८ पेशंटची लाळ मोजून दाखवले की ग्रंथीवर सरासरी २६ ग्रेपेक्षा जास्त डोस पडला तर तिचा प्रवाह जवळजवळ परत येत नाही. त्यानंतर किरण वळवून ग्रंथी वाचवण्याच्या तंत्राला, म्हणजे आयएमआरटीला, जोर आला. ब्रिटनमध्ये ९४ पेशंटवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर जुन्या पद्धतीच्या ७४ टक्के पेशंटना बऱ्यापैकी किंवा तीव्र कोरड होती, नव्या पद्धतीच्या ३८ टक्क्यांना. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रातल्या चाचणीतही (२०१२) उपचारादरम्यानचा लाळग्रंथींचा असा त्रास आधीच्या तंत्राच्या २८ पैकी २५ जणांना झाला, तर आयएमआरटीच्या ३२ पैकी १९ जणांना. म्हणजे नवे तंत्र मिळूनही निम्म्याहून जास्त लोकांना त्रास झालाच. फवाऱ्याची गरज कुठून येते ते यावरून कळेल.

आता फवारा. दुकानात मिळणाऱ्या बाटल्यांचे ढोबळ तीन प्रकार. पहिल्यात पाणी, ग्लिसरीन आणि झायलिटॉल नावाची दात न किडवणारी साखर. दुसऱ्यात सेल्युलोजपासून केलेला डिंकासारखा दाट पदार्थ. तिसरा तेलकट, तोंडाच्या आतल्या त्वचेवर थर धरणारा. काही उत्पादनांत डुकराच्या पोटातले म्युसिन असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी लेबल वाचावे. सगळ्यांची जाहिरात एकच: तासन्‌तास आराम.

फवाऱ्याची टेस्ट करणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. गोळीची टेस्ट करताना समोर खडूची गोळी ठेवता येते. इथे खोटा फवारा म्हणून काय देणार? पाणी दिले तर पाण्यानेही तोंड ओले होतेच! म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो: हा फवारा पाण्यापेक्षा किती जास्त आणि किती जास्त वेळ काम करतो? शिवाय प्रत्येकाची कोरड वेगळी, म्हणून त्याच माणसाला एकामागून एक सगळे फवारे देऊन त्याची तुलना त्याच्याशीच करायची, मध्ये काही दिवस सुटी ठेवून. आणि माणसाला आपण काय मारतोय ते कळता कामा नये.

हे सगळे वाचून आमचे हात शिवशिवायला लागले. ताईंच्या देखरेखीखाली आम्ही एक घरगुती खटपट केली. तिला अभ्यास म्हणू नका, पाच माणसांत कसला अभ्यास! पण शिकायला पुष्कळ मिळाले. तीन प्रकारचे तीन फवारे आणले, चौथ्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी आणि पेपरमिंटचा थेंब. चारही सारख्या बाटल्यांत भरून क, ख, ग, घ अशी लेबले लावली. कुठल्या बाटलीत काय आहे ते एका बंद पाकिटात. प्रत्येकाला कागदावर दहा सेंटिमीटरची एक रेघ दिली. डाव्या टोकाला "अजिबात कोरड नाही", उजव्या टोकाला "याहून वाईट नसेल". फवारण्याआधी, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि तासाने रेघेवर खूण करायची. खऱ्या चाचण्यांतही अशीच रेघ वापरतात.

पहिला धक्का दुसऱ्याच दिवशी बसला. तेलकट फवारा कुठला ते पाचही जणांनी पहिल्या फवाऱ्यात ओळखले. आमची गुप्तता तिथेच संपली. दुसरी अडचण एका आजींची. त्यांच्या सगळ्या खुणा डाव्या टोकाला! पाण्यालाही तेच, तेलालाही तेच. खोदून विचारले तर म्हणाल्या, "अहो, मुलांनी एवढं मनापासून केलंय, वाईट कसं लिहू?" नंतर एकदा आम्ही त्यांच्यासमोर न बसता कागद ठेवून निघून आलो, तेव्हा खुणा जरा उजवीकडे सरकल्या. आम्ही पुस्तकात पानेच्या पाने वाचून जे समजू शकलो नव्हतो ते आजींनी एका वाक्यात समजावले.

पाकीट उघडल्यावर दिसले ते असे. पाच मिनिटांनी चारही बाटल्या जवळपास सारख्या, पाण्यासकट. अर्ध्या तासाने पाण्याचा परिणाम गेलेला, दाट आणि तेलकट फवाऱ्याचा थोडा शिल्लक, पण तो फक्त काकांना आणि लाळग्रंथींचा आजार असलेल्या एका वहिनींना. बाकी तिघांना काही फरक नाही. तासाने सगळे मूळ पदावर. काकांचे मत असे की गायला-बोलायला दाट फवारा चांगला, पण जेवताना नको, तोंडात खळ लावल्यासारखे होते आणि आमटीची चव जाते. जेवताना पाण्याचा घोटच बरा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र रेघेवर नव्हती. ताईंनी लिटमससारखे रंग बदलणारे कागद आणले होते. लिंबाच्या स्वादाचा एक फवारा त्यात चक्क ५ च्या खाली निघाला. पीएच ५.५ च्या आसपास गेला की दातावरचे कवच विरघळायला लागते. आंबट चवीने लाळ सुटते म्हणून असे करतात, पण ज्याच्या ग्रंथीच मेल्या आहेत त्याला लाळही नाही आणि आम्ल धुऊन न्यायला काही नाही! दिवसातून वीस वेळा तो फवारा म्हणजे दातांना वीस वेळा लिंबाची आंघोळ. आम्ही ज्या तीनशे बाटल्या मागवणार होतो त्या नेमक्या याच होत्या. स्वस्त होत्या ना. चिंच, आवळा सुपारी, लिंबाची गोळी या घरगुती उपायांचेही अशा पेशंटच्या बाबतीत तेच.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा काय सांगतो? कॉक्रेन या संस्थेने २०११ साली कोरड्या तोंडावरच्या फवारे, जेल, गोळ्या, च्युइंग गम अशा वरवरच्या उपायांच्या ३६ चाचण्या एकत्र तपासल्या. माणसे सगळी मिळून १५९७. निष्कर्ष असा की एकाही उपायाबद्दल भक्कम पुरावा नाही. त्यातल्या त्यात तेलकट प्रकारचा एक फवारा पाणीदार क्षारांच्या फवाऱ्यापेक्षा सरस ठरला. च्युइंग गमने लाळ वाढते, पण ग्रंथीत थोडा जीव असेल तरच. पायलोकार्पिनच्या गोळीचेही तसेच. ती उरलेल्या ग्रंथीला चाबूक मारते. तिने घामही फार येतो आणि ती दमेकऱ्यांना जपून द्यावी लागते, म्हणून डॉक्टरशिवाय नाही.

तेव्हा फवारा निरुपयोगी नाही. तो ओलावा देतो, पण थोडा वेळ. लाळेची बाकीची कामे, विशेषतः दात सांभाळणे, तो करत नाही. आणि अशा पेशंटचे दात रेडिएशननंतर झपाट्याने किडतात, हिरडीपाशी कापल्यासारखे तुटतात. मग दात काढावा लागला तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. म्हणून उपचाराआधी दात तपासून, खराब असतील ते काढून, पुढे जन्मभर फ्लोराइड लावायचे असते. खेड्यातून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार आणि पैसे कोण देणार?

आम्ही ठराव बदलला. निवासातल्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते हसले आणि म्हणाले, बाटल्या पाठवू नका, कस्टममध्ये अडकतील. रिकामी फवाऱ्याची बाटली इथे बाजारात मिळते, पाणी आमच्याकडे आहे. तर आता निधीचा मोठा भाग रेडिएशनपूर्वीची दातांची तपासणी आणि उपचार यांसाठी जाईल. त्याखालोखाल जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट आणि रात्री लावायचे जेल, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि फवारायला कुणी जागे नसते. दाट फवारा फक्त डॉक्टर सांगतील त्यांना, तिकडेच विकत घेऊन, आंबट नसलेला.

जाता जाता आजींचे सांगायचे राहिले. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरची हवा कोरडी होते, म्हणून तोंड कोरडे पडते असे सगळे धरून चालले होते. ताईंनी औषधांची यादी मागितली. त्यात झोप यावी म्हणून रोज रात्री घेतलेली एक साधी, दुकानात सहज मिळणारी ॲलर्जीची गोळी निघाली, डायफेनहायड्रामिनची. तिने तोंड हमखास कोरडे पडते. डॉक्टरांना विचारून ती बंद केली, आणि पंधरा दिवसांत आजींनी आमची बाटली परत केली. तुमच्याकडे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेले असतील आणि रात्री उठून पाणी पीत असतील, तर फवारा आणण्याआधी त्यांच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

देणगीचा फॉर्म शेवटच्या पानावर आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात समितीचे टेबल चहाच्या शेजारी असेल. चारही बाटल्या आणि रेघांचे कागद बघायला ठेवणार आहोत. काका गाणार आहेत. झब्ब्याच्या एका खिशात दाट फवारा, दुसऱ्यात पाणी.