ट्रायथलॉन, दीर्घ पल्ल्याची
पोहणे, सायकल चालविणे व धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने, सलग आणि एकाच स्पर्धकाने पूर्ण करावयाची सहनशक्तीची शर्यत. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना पोशाख व साधने बदलण्यास लागणारा वेळही एकूण वेळेत धरला जातो. ऑलिंपिक सामन्यांतील ट्रायथलॉनमध्ये १·५ किमी. पोहणे, ४० किमी. सायकल व १० किमी. धावणे असते. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत ही अंतरे ३·८ किमी., १८० किमी. व ४२·१९५ किमी. अशी असून त्यांची बेरीज सु. २२६ किमी. होते. याच्या निम्म्या अंतराची (१·९, ९० व २१·१ किमी.) शर्यतही प्रचलित असून पूर्ण अंतराची पहिली पायरी म्हणून पुष्कळ जण तिच्यात भाग घेतात. पूर्ण अंतरासाठी निष्णात व्यावसायिक पुरुषांना आठ तासांहून कमी, तर हौशी स्पर्धकांना सामान्यतः ११ ते १५ तास लागतात. ‘आयर्नमॅन’ हे या अंतराच्या एका प्रसिद्ध स्पर्धामालिकेचे व्यापारचिन्ह असले, तरी लोकव्यवहारात ते अंतराचेच नाव बनले आहे.

इतिहास : आधुनिक ट्रायथलॉनचा प्रारंभ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. सॅन डिएगो येथील मिशन बे या ठिकाणी २५ सप्टेंबर १९७४ रोजी जॅक जॉनस्टन व डॉन शॅनहन यांनी या नावाची पहिली शर्यत भरविली. तिची अंतरे अगदी अल्प होती. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीची कल्पना हवाई बेटांवरील अमेरिकी नौदलाचे अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी जूडी यांची. धावपटू अधिक सुदृढ की पोहणारे की सायकलपटू, अशा वादातून ती पुढे आली. ओआहू बेटावर वायकीकी येथील खुल्या समुद्रातील पोहण्याची, बेटाभोवतीची सायकलची आणि होनोलूलू मॅरॅथॉन अशा तीन शर्यती आधीच प्रचलित होत्या. त्या एकाच दिवशी एकापाठोपाठ एक पूर्ण कराव्यात, असे ठरले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झालेल्या या पहिल्या शर्यतीत १५ जणांनी भाग घेतला व १२ जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॅलर हे ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले. पुढील वर्षी लिन लमेअर ही ती पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. १९८१ मध्ये ही शर्यत हवाई बेटावरील कोना या गावी हलविण्यात आली.

फेब्रुवारी १९८२ मधील शर्यतीत जूली मॉस ही तरुणी आघाडीवर असताना अंतिम रेषेच्या अलीकडे वारंवार कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून विजयी झाली. मॉस शेवटचे अंतर रांगत पार करून दुसरी आली. दूरचित्रवाणीवरून हे दृश्य दूरवर पोहोचले आणि या खेळाकडे हौशी लोकांचा ओघ वाढला. त्याच वर्षी फ्रान्समधील नीस येथेही दीर्घ अंतराची शर्यत सुरू झाली. १९८९ मध्ये ॲव्हीन्यों (फ्रान्स) येथे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली व २००० मध्ये सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत अल्प अंतराच्या ट्रायथलॉनला स्थान मिळाले. दीर्घ अंतराचा मात्र ऑलिंपिकमध्ये समावेश नाही.

नियम व कालमर्यादा : सायकलच्या टप्प्यात पुढील स्पर्धकाच्या अगदी मागे राहून त्याच्या आडोशाचा लाभ घेण्यास हौशी स्पर्धकांना मनाई असते, दोन सायकलींमध्ये ठराविक अंतर राखावे लागते व नियमभंगास वेळेचा दंड होतो. पोहताना मात्र दुसऱ्याच्या मागे राहण्यास हरकत नसते. सायकल हाती घेण्यापूर्वी शिरस्त्राण घालून त्याचा पट्टा अडकविणे सक्तीचे आहे. थंड पाण्यात रबरी पोशाख (वेटसूट) वापरता येतो. पाणी विशिष्ट तापमानाहून उबदार असल्यास त्यास बंदी असते.

अनेक स्पर्धांत पोहणे २ तास २० मिनिटांत, सायकलचा टप्पा प्रारंभापासून १० तास ३० मिनिटांत व संपूर्ण शर्यत १७ तासांत पुरी करावी लागते. या मर्यादांचा अर्थ असा, की पोहताना प्रत्येक १०० मी. अंतर सु. ३ मिनिटे ४० सेकंदांत कापावे लागते आणि सायकलचा सरासरी वेग ताशी २२ ते २३ किमी. राखावा लागतो. धावण्यासाठी उरलेल्या साडेसहा तासांत ताशी साडेसहा किमी. एवढा, म्हणजे जलद चालण्याहून थोडासाच अधिक वेग पुरतो. नवशिक्याची कसोटी वेगापेक्षा सातत्याची असते, हे यावरून स्पष्ट होईल.

ऊर्जेचा प्रश्न : शरीर श्रमासाठी मुख्यत्वे कार्बोहायड्रेटे व वसा (स्निग्ध पदार्थ) यांचा वापर करते. स्नायू व यकृत यांत साठविलेल्या ग्लायकोजेनापासून साधारणपणे १,६०० ते २,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. याउलट ७० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस केवळ मॅरॅथॉनसाठीच सु. ३,००० व संपूर्ण शर्यतीसाठी सु. ७,००० ते ९,००० किलोकॅलरी लागतात. वसेचा साठा विपुल असला, तरी तिच्यापासून ऊर्जा संथ गतीने मिळते. शिवाय श्रमाची तीव्रता वाढताच शरीर ग्लायकोजेनाकडे अधिकाधिक वळते. शर्यत चालू असताना आतड्यातून ताशी सु. ६० ग्रॅ. ग्लुकोज शोषले जाते. फ्रुक्टोजाची जोड दिल्यास व तशी सवय केल्यास हे प्रमाण ९० ग्रॅ.पर्यंत जाते. म्हणजे ताशी २४० ते ३६० किलोकॅलरींहून अधिक भर घालता येत नाही. म्हणून साठा जपून वापरणे हाच या शर्यतीचा मूलमंत्र होय. सरावाचे व स्पर्धेच्या दिवसाचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

पूर्वतयारी : नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीस पहिल्या पूर्ण अंतरासाठी निदान सहा महिने ते एक वर्ष तयारी करावी लागते. आठवड्याला सु. ८ तासांपासून प्रारंभ करून अखेरीस १२ ते १५ तासांपर्यंत सराव वाढविला जातो. यांतील बराच मोठा भाग कमी तीव्रतेचा, म्हणजे सहज बोलता येईल अशा गतीचा असावा. कारण अशा दीर्घ व संथ श्रमाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात व वसा वापरण्याची क्षमता सुधारते. तीन आठवडे भार क्रमाने वाढवून चौथ्या आठवड्यात तो कमी करणे, ही रूढ पद्धत आहे. शरीराची सुधारणा श्रमानंतरच्या विश्रांतीत होत असल्याने झोपेत काटकसर करून केलेला सराव वाया जाण्याचा संभव असतो.

पोहण्यात बळापेक्षा तंत्र महत्त्वाचे आहे. तरण तलावात तळाची रेघ दिशा दाखविते. समुद्रात वा तळ्यात काही हातांनंतर मान उचलून पुढील बोया पाहावा लागतो. ही सवय खुल्या पाण्यातच, पण कधीही एकट्याने न जाता, करावी. सायकलचा टप्पा वेळेने सर्वांत मोठा असल्याने सरावाचे सर्वाधिक तासही त्यासच द्यावे लागतात. आसनाची उंची व शरीराची ठेवण योग्य नसेल, तर गुडघा व पाठ दुखावते. पंक्चर झालेली नळी स्वतः बदलता येणे आवश्यक आहे. धावण्यामुळे सांधे, नडगी व टाचेची शीर यांना इजा होण्याचे प्रमाण अधिक असल्याने हा सराव सर्वांत सावकाश वाढवावा. सायकलवरून उतरताच धावू लागल्यास पाय जड व परके वाटतात. म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही प्रकार लागोपाठ करण्याचा प्रघात आहे. अखेरचे दोन-तीन आठवडे सरावाचे एकूण तास निम्म्यापर्यंत कमी करतात, मात्र थोडी तीव्रता टिकवितात.

स्पर्धेचा दिवस : प्रारंभी गर्दीत हातापायांचे धक्के लागतात व श्वास फुलतो. नवशिक्याने कडेने किंवा मागून सुरुवात करणे हिताचे ठरते. पुढे सायकलच्या पहिल्या दोन तासांत शरीर ताजेतवाने असते आणि बहुसंख्य चुका याच वेळी घडतात. सपाट रस्त्यावर हवेचा रोध तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक दशांशाने वाढविण्यास ही शक्ती सु. एक तृतीयांशाने अधिक लागते. ताशी २८ किमी.ऐवजी ३०·८ किमी. वेग ठेवणाऱ्याची १८० किमी. अंतरात सु. ३५ मिनिटे वाचतात. परंतु त्यामुळे ग्लायकोजेन संपून मॅरॅथॉन चालत पुरी करावी लागली, तर किलोमीटरला ७ मिनिटांऐवजी १० मिनिटे लागून सु. दोन तासांची खोट येते. सायकलच्या टप्प्यात ‘फारच सावकाश’ वाटणारी गती बहुधा योग्य गती असते. धावतानाही प्रत्येक साहाय्यकेंद्रावर थोडे चालून खाणेपिणे करणे, हा नवशिक्यांसाठी उत्तम उपाय होय. स्पर्धेत घ्यावयाचे अन्न व पेय सरावात अनेकदा घेतलेले असावे. अपरिचित अन्नाने मळमळ व पोटदुखी उद्‌भवते आणि मग काहीच पोटात ठरत नाही.

धोके : उष्ण व दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीराचे तापमान वाढते. अशा हवेची सवय होण्यास सु. १० ते १४ दिवस लागतात. पाणी कमी पडल्यास निर्जलीभवन होते; परंतु पाण्याचा अतिरेकही तितकाच घातक आहे. घामावाटे जाणाऱ्या पाण्याहून अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटते, मेंदूला सूज येते व प्रसंगी मृत्यू ओढवतो. दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधले. तहानेप्रमाणे पिणे आणि शर्यतीच्या अखेरीस वजन वाढलेले नसणे, हे साधे निकष उपयुक्त ठरले आहेत.

अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांच्या १९८५ ते २०१६ या काळातील एका पाहणीत मृत्यू व हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना आढळल्या. त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. स्पर्धकांच्या एकूण संख्येच्या तुलनेत हे प्रमाण लाखात दोनाहून कमी असले, तरी चाळिशीपुढील पुरुषांत ते लक्षणीय वाढते. म्हणून या वयात सरावापूर्वी हृदयाची तपासणी करून घेणे इष्ट होय. छातीत दुखणे, भोवळ, गोंधळलेली मनःस्थिती किंवा घाम येणे थांबणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास शर्यत सोडणे हेच शहाणपण ठरते. मॉस हिच्या चिकाटीचे कौतुक योग्यच आहे. परंतु तशा अवस्थेतील स्पर्धकास वैद्यकीय साहाय्याची गरज असते आणि जागेवरच थांबविण्याचा अधिकार स्पर्धेच्या डॉक्टरांना असतो. सोडलेली शर्यत पुन्हा धावता येते.

भारतातील प्रसार : भारतातील हौशी स्पर्धक प्रथम परदेशी स्पर्धांतून या प्रकारात उतरले. मराठी भाषिक अभिनेते व धावपटू मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीला काही महिने उरले असताना, झुरिक (स्वित्झर्लंड) येथील पूर्ण अंतराची शर्यत सु. १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. महाराष्ट्रातील पोलीस अधिकारी कृष्णप्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समधील अशीच शर्यत पूर्ण केली. अशा उदाहरणांमुळे महाराष्ट्रातील सुशिक्षित नोकरदार वर्गात या खेळाची ओढ वाढली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन मालिकेतील निम्म्या अंतराची शर्यत झाली. तिच्यातील पोहण्याचा टप्पा अरबी समुद्रात असतो. पश्चिम किनाऱ्यावरील उबदार पाणी व दमट हवा यांमुळे येथील स्पर्धकांना उष्णतेची सवय आपोआप होते. मात्र वाहतुकीने गजबजलेल्या रस्त्यांमुळे सायकलचा सराव बहुधा पहाटेच उरकावा लागतो आणि खुल्या पाण्यात पोहण्याच्या सुरक्षित सोयीही मोजक्याच आहेत.