आहेराची वही

खानदेशातल्या लग्नात नवरदेवाच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस कोण, असे कोणी विचारले तर मी बेलाशक सांगेन, वही लिहिणारा! मांडवाच्या तोंडाशी एक टेबल, त्यावर घरातलीच एखादी चादर, शेजारी नोटा ठेवायला स्टीलचा डबा, आणि मागे खुर्चीवर बसलेला, घामाने निथळणारा एक गृहस्थ. वैशाखात जळगावचा पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असतो. पंगतीत आमरस वाढला जात असतो, आणि हा बापडा मान खाली घालून लिहीतच असतो. त्याची निवड मोठी पारखून होते. अक्षर बरे हवे, हात स्वच्छ हवा, दोन्हीकडची नातीगोती तोंडपाठ हवीत, आणि मुख्य म्हणजे त्याला भूक उशिरा लागली पाहिजे. हे सारे गुण माझ्यात आहेत असे नातेवाइकांनी केव्हा ठरवले कोण जाणे, पण गेली पंचवीस-तीस वर्षे जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा या टापूत ती खुर्ची वारंवार माझ्या वाट्याला आलेली आहे.

वहीची रीत ठरलेली असते. पहिल्या पानावर श्रीगणेशाचे नाव, खाली वधूवरांची नावे आणि तिथी. मग ओळीने नाव, गाव आणि रक्कम. भांडे असल्यास भांडे, कापड असल्यास कापड. स्वतः येऊ न शकलेल्याचा आहेर दुसऱ्या कोणी आणला, तर त्याच्या नावापुढे ‘ह.’ असे लिहून आणणाऱ्याचे नाव घालायचे. हा ‘ह.’ म्हणजे ‘हस्ते’. या एका अक्षराने मी घरोघरची किती भांडणे मिटताना पाहिली आहेत! ‘आमचा आहेर पोचला नाही’ असे म्हणणाऱ्याला वही दाखवली की प्रश्न निकाली.

लग्न उरकले की वही घरातल्या पेटीत, शेताच्या उताऱ्यांच्या आणि पोरांच्या जन्मपत्रिकांच्या सोबतीला जाऊन बसते. ती पुन्हा बाहेर येते ती कोणाकडची लग्नपत्रिका आली म्हणजे. मग ओट्यावरून आजीचा आवाज येतो : “देख ना वहीमा, त्यासना कितला लिखेल सेतस!” त्यांनी आपल्याला किती दिले होते ते पाहायचे, आणि त्याहून थोडे अधिक द्यायचे. अकराचे एकवीस, एकवीसचे एक्कावन्न. कमी दिले तर माणूस कृतघ्न ठरतो. पण गंमत अशी की, नेमके तेवढेच दिले तरी शोभत नाही. तेवढेच परत करणे म्हणजे हिशेब चुकता करणे. आणि हिशेब वाण्याशी चुकता करायचा असतो, व्याह्याशी नव्हे.

ही आपलीच तऱ्हा आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत असे. पण झेकिये एग्लर नावाच्या बाईंनी पाकिस्तानातल्या पंजाबी खेड्यांत राहून एक पुस्तक लिहिले. ते १९६० साली प्रसिद्ध झाले. तिकडे या देवाणघेवाणीला ‘वर्तन भांजी’ म्हणतात, आणि तिथल्या बायकाही घेतल्याहून थोडे जास्त परत करतात, अशासाठी की खाते कधी मिटू नये. फ्रान्सच्या मार्सेल मोस या पंडिताने तर १९२५ सालीच जगभरच्या भेटींचा अभ्यास करून सांगितले होते की, भेट वरून कितीही खुशीची दिसली तरी तिच्या पोटात तीन सक्त्या असतात. द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत करावे लागते. आमच्या आजीला मोस ठाऊक नव्हता. पण या तीन सक्त्यांपैकी मधली सर्वांत अवघड, हे तिला पक्के ठाऊक होते. कसे ते पुढे सांगतो.

त्याआधी भावाचा घोळ. १९७० च्या सुमारास सोने तोळ्याला दोनशे रुपयांच्या आसपास होते. २०२५ साली दहा ग्रॅमने लाखाची रेघ ओलांडली, आणि जळगावच्या सराफ बाजारात तो आकडा ऐकून लोक नुसतेच एकमेकांकडे पाहू लागले. आता सांगा, १९७० साली ज्याने २१ रुपये लिहिले, त्याच्या नातवाच्या लग्नात काय लिहायचे? एक्कावन्न? माझ्या एका चुलतभावाने तसे सुचवले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईने त्याला बोलूच दिले नाही. त्या म्हणाल्या, “तेव्हा एकवीस रुपयांत बाईमाणसाचं साधं सुती पातळ येत होतं. त्यांनी पातळ दिलं असं समज, आणि पातळ दे.” अर्थशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांत महागाईचा निर्देशांक काढायच्या रीती दिलेल्या असतात, पातळाच्या निर्देशांकाइतकी सोपी रीत मी तरी पाहिलेली नाही.

शहरातल्या शिकलेल्या मंडळींना ही वही म्हणजे कंजूषपणाचा कागदोपत्री पुरावा वाटतो. प्रेमाने दिलेले का कोणी लिहून ठेवते, असे ते विचारतात. मला हा आक्षेप पटत नाही. कोरडवाहू कापसावर ज्यांचा संसार चालतो त्यांच्या घरचे लग्न डोळ्यांपुढे आणा. मांडववाला, आचारी, वाजंत्री सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. त्या वेळी स्टीलच्या डब्यातली रक्कमच कामी येते. वर्षानुवर्षे आपण दुसऱ्यांच्या लग्नांत थोडे थोडे घालत आलो, ते आपल्या गरजेच्या दिवशी एकदम परत येते. कागद नाही, जामीन नाही. ही गरिबांची पेढीच आहे, आणि वही म्हणजे तिचे खातेपुस्तक. बांसवाडा, झाबुआ, दाहोद या भागांतल्या भिल्लांत ‘नोतरा’ नावाची अशीच चाल आहे. ज्याच्या घरी कार्य तो नोतरा घालतो, माणसे जमतात, ज्याची त्याची रक्कम लिहिली जाते, आणि पाळी येईल तसा प्रत्येक जण काही भर घालून ती फेडतो.

सरकारलाही वहीचे महत्त्व उशिरा का होईना पटले, असे म्हणायला हरकत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण १९८५ साली त्याखाली नियम झाले, आणि वधूला व वराला मिळालेल्या भेटींच्या दोन वेगळ्या याद्या ठेवाव्यात असे ठरले. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते, आणि खाली वधूवरांच्या सह्या. हेतू असा की, आहेराच्या नावाखाली हुंडा दडू नये आणि मुलीचे ते मुलीचेच राहावे. नियम चांगला आहे. मात्र इतक्या वर्षांत अशी यादी माझ्याकडून लिहून घ्यायला एकही यजमान आलेला नाही. मानपानाची वही सगळ्यांना हवी असते, मुलीच्या हक्काची यादी कोणालाच आठवत नाही.

वही वाईट नाही. वाईट तो कर्णा. आमच्याकडे पूर्वी आहेर पुकारण्याची चाल जोरात होती, अजूनही काही गावांत आहे. ‘अमक्यांकडून पाचशे एक!’ असे ध्वनिक्षेपकावरून गरजायचे आणि सगळ्या मांडवाने माना वळवायच्या. पाचशेवाल्याची छाती फुगते हे खरे. पण ज्याने अकरा रुपये आणलेले असतात तो डब्याजवळ यायचे टाळत मांडवाच्या मागच्या बाजूला घुटमळत राहतो. मी त्याला खुर्चीवरून पाहिलेला आहे.

पारोळा तालुक्यातल्या एका लग्नातली गोष्ट. यजमानांच्या शेतावर ज्याने उभी हयात सालदारकी केली, त्याची विधवा आहेर घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली पायलीभर दादर. (खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, तिच्या भाकरीपुढे पोळी फिकी.) वहीत रकाने दोन, रोख आणि वस्तू. मी वस्तूच्या रकान्यात ‘दादर, १ पायली’ असे लिहिले. पुकारणाऱ्या तरुणाने ती ओळ वाचली, जरा हसला आणि पुढच्या नावावर गेला. नवरीची आजी जवळच बसली होती. तिने त्याला थांबवून ती ओळ मोठ्याने वाचायला लावली. मांडवात कोणी हसले नाही. म्हातारी मात्र पदर सावरत निघून गेली; पुकारले गेलेले तिला आवडले की नाही, हे मला आजही सांगता यायचे नाही.

खरा पेच पुढे आला. सहा-सात वर्षांनी त्या म्हातारीच्या नातवाचे लग्न निघाले. यजमानांच्या घरी वही उघडली गेली. मुलगा शिकलेला, हिशेबी. त्याने पायलीभर दादरीचा भाव काढला आणि त्यात शंभर रुपये वाढवले. बापाला ते रुचेना. त्याचे म्हणणे, तिच्या घरात त्या दिवशी दोन-तीन पायल्यांहून अधिक धान्य नसेल. त्यातली एक तिने आपल्याला दिली. आपल्या कोठीत किती पोती आहेत? त्या मानाने द्यायचे तर किती होते, ते मांड! मुलाने मांडले नाही. शेवटी बापाने दोन पोती दादर, पातळ आणि वर रोख रक्कम बैलगाडीतून पाठवली.

मला वाटले, झाले, न्याय झाला. पण संध्याकाळी गाडी परत आली ती एक पोते आणि रोख रक्कम तशीच घेऊन. म्हातारीचा निरोप होता : “इतलं आमले झेपाव नही.” तिने रागाने पाठवले नव्हते, पातळ आणि एक पोते आनंदाने ठेवून घेतले होते. पण दोन पोत्यांची परतफेड तिचा नातू आयुष्यात करू शकला नसता, आणि न फिटणारा आहेर घरात घेणे म्हणजे पुन्हा सालदारकी पत्करणे, हे तिला त्या शिकलेल्या मुलाहून आणि उदार बापाहूनही नेमके कळले होते. देणाऱ्याने आपल्या ऐपतीकडे पाहून दिले. घेणारीने आपल्या ऐपतीकडे पाहून घेतले. मधली सक्ती अवघड म्हणालो ती याचसाठी.

सगळेच आहेर असे गंभीर नसतात म्हणा! टॉवेल-टोप्या आणि ब्लाउजपीस यांची एक स्वतंत्र प्रदक्षिणा खानदेशात अखंड चालू असते. घडी न मोडता ते या घरातून त्या घरात जातात. माझ्या एका आत्याने गंमत म्हणून एका ब्लाउजपीसच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका घालून तो जळगावात दिला. तो धुळ्याहून, भुसावळहून कुठून कुठे फिरून चार वर्षांनी मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवात तिच्याच ओटीत पडला. तिने तो डोळ्यांना लावला आणि पुन्हा पुढे पाठवला. अशा आहेरात कोणाचे नुकसान नाही आणि कोणाचा फायदाही नाही, म्हणून त्यावरून मी अद्याप भांडण पाहिलेले नाही.

भांडणे आहेत ती नव्या चालीवरून. जळगाव-धुळ्याच्या शहरी पत्रिकांवर हल्ली ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ सर्रास असते. ओळ सुंदर आहे. ज्याला परवडते त्याने जरूर छापावी. पण धुळ्यातल्या माझ्या ओळखीच्या एका कारकुनाने मुलीच्या पत्रिकेवर ती छापायची ठरवली, तेव्हा त्याच्या बायकोने तीस वर्षांच्या वह्या पुढ्यात आणून टाकल्या. ती म्हणाली, “एवढ्या लग्नांत आपण पोटाला चिमटा घेऊन दिलं, ते सगळं आता सोडून द्यायचं? आणि उद्या त्यांच्या घरची कार्यं निघाली, त्यांनी ती ओळ नाही छापली, तर आपण पुन्हा द्यायचंच ना?” नवरा सुधारक, बायको व्यवहारी, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो, पण मला त्या बाईचे म्हणणे जास्त न्यायाचे वाटले. साखळीतून एकट्याने बाहेर पडणे श्रीमंताला शोभते. त्याचे अडकलेले थोडे असते. शेवटी त्यांनी ओळ छापली नाही. पुकारायचे नाही आणि पाकिटे बंदच ठेवायची, एवढे मात्र ठरवले. वही मीच लिहिली. आता तर पुष्कळ आहेर फोनवरून थेट खात्यातच येतात, आणि पाहुण्याने पाठवलेला आकडा घरात कळतो, मांडवात नाही. कर्ण्यापेक्षा हे बरे.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. त्यांतले सात्त्विक ते, जे उलट उपकार करू न शकणाऱ्याला, द्यायचे म्हणून दिलेले असते. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले राजस. त्या मापाने आमची सारी वहीच राजस ठरते, हे मला मान्य आहे. तरीही बरोबरीच्या माणसांना एकमेकांचे देणे लागण्यात जो आधार असतो, तो वहीच्या ओळींत आहे. पारोळ्याच्या म्हातारीला सात्त्विक दान नको होते. तिला वहीत आपली ओळ हवी होती.

आमच्या घरच्या १९७१ च्या वहीत मात्र एक ओळ या साऱ्या हिशेबाच्या बाहेरची आहे. माझ्या थोरल्या काकांचे लग्न, अमळनेरला. लिहिणाऱ्याने पान संपता संपता लिहिले आहे : ‘एक बाई, नाव-गाव सांगितले नाही, २ रु.’ ती वऱ्हाडातली होती की रस्त्याने जाणारी, जेवून गेली की नाही, कोणालाच माहीत नाही. काकू म्हणतात, बोरीच्या काठची कोणी भाजीवाली असेल. काका म्हणत, त्यांच्या आईची माहेरकडची कोणी असावी, रुसलेली. दोन रुपये परत कोणाला करायचे ते कळत नाही, म्हणून आमच्याकडे कुठलेही कार्य निघाले की ते पान हमखास उघडते आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.