गिरणीचं बेअरिंग, मोटरसायकलची चेन

तीन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली एक गो-कार्ट गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात आली. अभियांत्रिकीच्या मुलांनी ती स्पर्धेसाठी बांधली होती. स्पर्धा झाली, मुलं पास होऊन पुण्या-बंगळुरूकडे गेली आणि कार्ट कोपऱ्यात पडून राहिली. इंजिन कोणीतरी काढून नेलं होतं. मागचा आस हाताने फिरवला की दाण्यावरून जातं फिरावं तशी खरखर यायची. भाच्याने ती भंगाराच्या भावात सोडवून आणली. लागेल तो भाग शक्यतो गोंदियातच, जुन्यातून शोधायचा, असं आम्ही ठरवलं.

कार्टचा जन्मच उरलेल्या सामानातून झाला आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसगाड्या बांधणाऱ्या कारागिराने गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेलं आणि पडून राहिलेलं टू-स्ट्रोक इंजिन नळ्यांच्या चौकटीवर बसवलं, ती पहिली कार्ट. आपल्याकडेही उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत, जुने भाग जोडून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. नियमांमुळे ती रस्त्यावर चालू देणार नाहीत हे ओळखून आनंद महिंद्रा यांनी त्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली, आणि २०२२च्या जानेवारीत ती त्यांच्या दारात आलीही. मला त्या जीपपेक्षा त्यामागची नजर मोठी वाटते: कुठला जुना भाग कुठे चालेल, हे ओळखणारी.

कार्टच्या बाबतीत ती नजर यायला आधी कार्ट समजून घ्यावी लागते. तिला स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, डिफरन्शियलही नाही. बैलगाडीची दोन चाकं आसावर आपापली फिरतात; वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि गाडी सहज वळते. कार्टची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच आसाला घट्ट जखडलेली असतात. वळणावर त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, पण फेरे सारखेच घ्यावे लागतात. मग एक चाक घासटणार किंवा कार्ट सरळच जाणार. यावर उपाय एकच: वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं पाहिजे. हे काम पुढच्या चाकांचा तिरका खिळा, म्हणजे किंगपिन, करतो. तो मागे कललेला असल्यामुळे स्टेअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, चौकट कोपऱ्यातून पिळते आणि आतल्या मागच्या चाकावरचा भार हलका होतो. कार्टची चौकट ही एका अर्थाने तिची स्प्रिंगच. म्हणून कुणी प्रेमाने तिला जाड अँगल लावून “मजबूत” केली, तर ती वळायची बंद होते.

तेव्हा काम चौकटीपासून सुरू करायचं. दोरी घेऊन चारही कोपऱ्यांचे दोन कर्ण मोजले. फरक ३ मिलिमीटरचा निघाला, म्हणजे चौकट ठीक होती. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने उंची पाहिली. मग तडे शोधायचे. यासाठी यंत्र लागत नाही. वेल्डिंगचा जोड तारेच्या ब्रशने उजळ करायचा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, कोरड्या फडक्याने अगदी पुसून घ्यायचं आणि वर खडूची पूड चोळायची. जोड शाबूत असेल तर पांढरा राहतो. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल पुडीत झिरपतं. आमच्याकडे डाव्या किंगपिनच्या पट्टीखाली दोन मिनिटांनी एक ओली, करडी रेघ उमटली, नखाएवढी. वरून रंग छान होता, त्याखाली ती दिसलीच नसती.

वेल्डिंगवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, पाइप सडला नाही जी, फक्त इथून तडकला आहे.” तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग तडा ग्राइंडरने खोल करून भरून घेतला. वर पट्टी ठोकायचा मोह आम्ही टाळला. कारण वर सांगितलंच आहे.

आता आस आणि बेअरिंग. इथे गोंदियाने आम्हाला साथ दिली. आमचा जिल्हा धानाचा, आणि राइस मिल म्हणजे पुल्या, शाफ्ट, पट्टे आणि बेअरिंग यांचं गावच. गिरणीतले शाफ्ट ज्या बिडाच्या पायांवर फिरतात त्यांना प्लमर ब्लॉक म्हणतात, आणि बऱ्याच विद्यार्थी-कार्टच्या आसालाही अगदी तेच लागतात. भंगाराच्या ढिगात माप ओळखायची रीत सोपी आहे. बेअरिंगवर यूसी २०५ असा आकडा कोरलेला असतो. शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणायचं: ०५ म्हणजे २५ मिलिमीटरचा शाफ्ट, ०६ म्हणजे ३०. आमचा आस २५चा, म्हणून २०५. या बेअरिंगची आणखी एक खुबी आहे. बाहेरची कडी गोलाकार घासलेली असते, त्यामुळे ते आपल्या घरात थोडं कलू शकतं. हाताने वेल्ड केलेल्या चौकटीत दोन्ही ब्लॉक अगदी एका रेषेत येतीलच असं नाही. ते तेवढं सांभाळून घेतं.

पण गिरणीतलं बेअरिंग डोळे झाकून घेऊ नये. कोंड्याच्या धुळीत सिलिका असते. पॉलिश कागदासारखीच ती घासते. ग्रीसमध्ये ती मिसळली की लेप वाळून टणक होतो. आम्ही दुरुस्तीला काढलेल्या एका गिरणीतून सहा ब्लॉक आणले. प्रत्येकाचं बेअरिंग घरातून आडवं फिरवून काढलं आणि जमेल तेवढं रॉकेलमध्ये धुतलं. सुकवताना हवेच्या पाइपने भिंगरीसारखं फिरवायचं नाही. तेल नसलेले छर्रे त्यानेच खराब होतात. मग आतली कडी बोटांत धरून बाहेरची अगदी सावकाश फिरवायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग लोण्यातून सुरी जावी तसं फिरतं. खराब असेल तर एकाच जागी, प्रत्येक फेऱ्याला, वाळूचा कण अडल्यासारखं बोटाला लागतं. सहांतून दोन उरले. बिडाचे ब्लॉक मात्र सहाही उत्तम होते. म्हणून एक जोडी जुनी आणि तिसऱ्या ठिकाणी जुन्या ब्लॉकमध्ये नवं बेअरिंग, असं बसवलं.

इंजिन शंभर सीसीच्या जुन्या मोटरसायकलचं घेतलं. जुनं इंजिन घेताना नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि पावती मागावी, इंजिन नंबर ताडून पाहावा. चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या अंगणात नको. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली. अंगठा जोरात उडाला, म्हणजे रिंगा शाबूत. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून पिवळा डिंक झाला होता. जेट साफ करायला तांब्याच्या तारेचा एक धागा पुरतो. सुई घातली तर भोक मोठं होतं आणि इंजिन पेट्रोल पिऊ लागतं. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही: मोटरसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. कार्टमध्ये टाकी सीटखाली टाकली तर थेंबही चढणार नाही. आम्ही ती सीटच्या मागे उंच खांबावर बसवली, सायलेन्सरपासून दूर.

चेनचा हिशेब मला सगळ्यात आवडतो. मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर, कार्टच्या ११ इंची टायरचा सुमारे ८८ सेंटिमीटर. मागची ४४ दात्यांची चकतीच कार्टला लावली, तर ज्या फेऱ्यांवर मोटरसायकल ताशी ८० किलोमीटर जायची, त्या फेऱ्यांवर कार्ट ३७ जाईल. इंजिन ओरडत राहील आणि गाडी रांगत. ३० दात्यांची चकती लावली की तोच आकडा ५४ होतो. अंगणापुरतं तेवढं पुष्कळ. फक्त चेन आणि दोन्ही चकत्या एकाच नंबरच्या हव्यात. आमची चेन ४२८ची, तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे १० कड्या १२७ भरल्या पाहिजेत. जुनी चेन ताणून मोजली तर १३० भरली. ती ठेवली नाही. झिजलेली चेन नवी चकती खाते, आणि आकड्यासारखे दाते झालेली चकती नवी चेन खाते. म्हणून हे सगळं एकदम नवं घेतलं. चकतीचा हब खरादवाल्याने आसाला ८ मिलिमीटरच्या चावीने बसवून दिला.

इथून पुढे माझा आग्रह कडक आहे. ब्लॉक जुने चालतात, इंजिन जुनं चालतं, सीट, पेडल, टाकी सगळं जुनं चालतं. ब्रेकचं रबर, ब्रेकची नळी आणि स्टेअरिंगचे बोल्ट जुने चालत नाहीत. एकाच आसामुळे कार्टला मागे एक डिस्क पुरते, ती दोन्ही चाकं थांबवते. पण मग तेवढ्या एकाच ब्रेकवर सगळा जीव असतो. मोटरसायकलचं कॅलिपर जुनं घेतलं, आतले सील नवे घातले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात उघडा डबा फार लवकर निकामी होतो. पाणी शिरलेलं तेल तापल्यावर लवकर उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून डॉट ४चा डबा नवा, सीलबंद. किंगपिनला ८.८ कोरलेले बोल्ट, नायलॉनची कडी असलेले नट, तेही एकदा काढले की पुन्हा नाहीत.

सगळं बसल्यावर चौकट खरंच पिळते का, हे पाहायला आम्ही धान मोजायचा काटा आणला. मागचं डावं चाक काट्यावर आणि बाकी तिन्ही चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या ठेवल्या. भाचा सीटवर बसला. स्टेअरिंग सरळ असताना आकडा पाहून ठेवला. मग त्याने ते डावीकडे पूर्ण वळवलं आणि आकडा सरसर खाली आला. इंजिन सुरूसुद्धा नव्हतं, पण चाक उचलायला तयार होतं. मागचं उजवं चाक काट्यावर ठेवून उजवीकडे वळवलं, तेव्हाही तसंच झालं. त्या क्षणी ती मला भंगार वाटेनाशी झाली.

पुढच्या चाकांची तोंडं दोरीने पाहिली: पुढून आणि मागून मोजलेल्या अंतरात २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. चेनला मधोमध सेंटिमीटरभर ढील, वरून पत्र्याचं कव्हर, हाताशी इंजिन बंद करायचं बटण, सीट आणि इंजिनच्या मध्ये पत्रा. मागची चाकं ठोकळ्यावर उचलून इंजिन दहा मिनिटं चालवलं आणि ब्रेक दाबून दोन्ही चाकं एकदम थांबतात का ते पाहिलं. कार्टची नोंदणी होत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर ती नेता येत नाही, नेऊही नये. ओळखीच्या एका गिरणीत उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान सुकवायचं सिमेंटचं मोठं आंगण आहे. सुट्टीच्या दिवशी ते मागून घेतलं. फाटक बंद, कडेला पोरं नाहीत, हेल्मेट, पायात बूट.

निघण्याआधी प्रत्येक नटवर, नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाईल अशी, पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. भाच्याने दहा मिनिटं फेऱ्या मारल्या. पहिल्या वळणाला तो घाबरून सावकाश गेला, तिसऱ्या फेरीला आतलं मागचं चाक हलकं होऊन कार्ट अंगावर आल्यासारखी वळली आणि तो ओरडला, “मामाजी, वळते जी!” मी त्याला थांबवलं आणि गुडघ्यावर बसून सगळ्या रेघा तपासल्या. इंजिनच्या मागच्या पायाचा एक नट पाव फेरा सरकला होता. रेघ तुटून दोन तुकडे दिसत होते. पाना लावून तो आवळला, जुनी रेघ पुसली, नवी ओढली आणि रंग वाळेपर्यंत दोघंही कार्टच्या शेजारी सावलीत बसलो.